मॉरिस मायनरचा गुडघा

मॉरिस मायनर म्हटलं की तिचं गोलमटोल रूप आठवतं. १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस; पुढे १९५९ ची मिनीही त्यांचीच. मायनर अरुंद दिसते म्हणून त्यांनी नमुन्याची गाडी मधोमध उभी कापायला लावली आणि चार इंचांनी रुंद केली. ही गोष्ट सगळे सांगतात. पुढच्या चाकांमागे काय आहे ते फारसं कुणी सांगत नाही.

तिथे गुंडाळीची स्प्रिंग नाही. गाडीच्या लांबीला समांतर एक पोलादी कांब आहे, टॉर्शन बार. चाक उंचवट्यावर चढलं की कांब पिळली जाते आणि पीळ सुटताना चाक जागेवर येतं. झोपाळ्याच्या दोऱ्यांना पीळ देऊन सोडलं की तो उलटा फिरतो ना, तसंच. चाकाचा उभा खांब खाली ट्रनियन नावाच्या आट्यांच्या सांध्यात फिरतो. त्याला वेळोवेळी ग्रीस लागतं. चालढकल झाली की आटे झिजतात, आणि एक दिवस खांब निसटून चाक गाडीखाली दुमडतं.

म्हणून जुनी मायनर दुरुस्त करणारा जाणता माणूस रंगाआधी हा गुडघा उघडतो. कांबेचं मागचं टोक जिथे अडकवलेलं असतं, तो पुढच्या सीटखालचा आडवा पत्राही तपासतो. तो गंजला असेल तर सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. वरून नुसतं ठिगळ लावलं तर आतला गंज तसाच वाढत राहतो. डाव्या-उजव्या कांबांची अदलाबदल करत नाहीत, कारण प्रत्येकीला एकाच दिशेच्या पिळाची सवय झालेली असते.

काही जण सगळं काढून आधुनिक भाग बसवतात. रोज गाडी चालवणाऱ्याला त्याबद्दल दोष देऊ नये. पण मग १९४८ ची ती युक्ती कळायला उरते ती फक्त चित्रात.

आपल्याकडे मायनरवरूनच बेबी हिंदुस्तान निघाली. आणि मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली, २०१४ पर्यंत बनत राहिलेली अ‍ॅम्बॅसॅडरही अशाच पिळाच्या कांबांवर उभी होती. १९६० संपता संपता मायनरने दहा लाखांचा आकडा गाठला, हा मान मिळवणारी पहिली ब्रिटिश मोटार. इतिहासात इसिगोनिसचं नाव राहिलं, ते योग्यच. पण त्या गाड्या रस्त्यावर टिकल्या त्या ग्रीस गन घेऊन गाडीखाली सरपटणाऱ्या माणसांमुळे. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात आहेत?

असो. तुमच्या घरी अ‍ॅम्बॅसॅडर होती का? तिचं ग्रीसिंग कोण करायचं, आठवत असेल तर जरूर लिहा.