साथरोग कायदा, १८९७ : चार कलमांतली सत्ता

साथरोग अधिनियम, १८९७ हा मुळात अवघ्या चार कलमांचा कायदा. छापील दोन पानांत तो सहज मावतो. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी कलकत्त्याच्या विधिमंडळात तो संमत झाला आणि दुरुस्त्यांसह आजही अमलात आहे.

त्याच्या जन्माला कारण ठरली मुंबईची प्लेगची साथ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात हा रोग प्रथम ओळखला तो डॉ. आकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी. ते मूळचे बार्देशातील हडफडे गावचे.

कायद्याचे मर्म दुसऱ्या आणि चौथ्या कलमात आहे. धोकादायक साथ आली आहे किंवा येण्याचा धोका आहे, आणि प्रचलित कायदे अपुरे आहेत असे सरकारला वाटले, की दुसऱ्या कलमान्वये ते आवश्यक ते नियम करू शकते. ‘धोकादायक साथ’ म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नाही. नियम किती काळ चालावेत, याची मर्यादाही नाही. तिसरे कलम उल्लंघनाला २०२४ पर्यंत भारतीय दंडसंहितेचे १८८वे कलम लावत होते. चौथे कलम मात्र सरकारी बाजूला अभय देते : या कायद्यान्वये सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. नागरिकाला शिक्षा आणि अधिकाऱ्याला संरक्षण, असा हा सौदा आहे.

त्याचा पहिला मोठा अनुभव पुण्याने घेतला. प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यांनी घरोघरच्या झडतीसाठी गोरे सैनिक उतरवले. माजघर, देवघर, स्वयंपाकघर काही सुटले नाही. रुग्ण इस्पितळात, घरची माणसे विलगीकरण छावणीत, सामानाची होळी. रोग आटोक्यात आणण्याची गरज खरी होती. पण ती भागवताना लोकांना विश्वासात घेण्याची गरज कोणाला वाटली नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. सोबतचे लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले. रँड ३ जुलैला वारले.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. लोकमान्य टिळकांना २७ जुलैला अटक झाली व सप्टेंबरमध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी. खटला ज्या मजकुरावर उभा राहिला तो प्लेगविषयक नव्हताच. तो होता १५ जूनच्या ‘केसरी’तील शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तान्त आणि एक कविता. नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या विनियमाखाली खटल्याविनाच स्थानबद्ध केले गेले. १८९८ मध्ये राजद्रोहाचे १२४-अ कलम अधिक व्यापक झाले. साथीने सुरू झालेली सत्तेची वाढ अशी वृत्तपत्रांच्या दारात येऊन थांबली. थांबली म्हणणेही धाडसाचेच.

स्वतंत्र भारताच्या संविधानात साथीसाठी आणीबाणीची तरतूद नाही. अनुच्छेद ३५२ ची कारणे युद्ध, परकीय आक्रमण व सशस्त्र बंड एवढीच आहेत. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय. म्हणून २४ मार्च २०२० ची देशव्यापी टाळेबंदी आली ती आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या आधारे. सोबतीला १८९७ चा कायदा होताच. संसदेच्या त्या वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास झाला नाही आणि हिवाळी अधिवेशन भरलेच नाही. म्हणजे अधिकार वाढले तेव्हाच विचारणा करण्याची जागा आक्रसली.

न्यायालयांनी काही रेषा आखल्या. कामगारांकडून जादा कामाच्या दुप्पट मोबदल्याविना बारा तास काम घेण्यास मुभा देणाऱ्या गुजरात सरकारच्या अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द केल्या. महासाथ ही कारखाने अधिनियमातील ‘सार्वजनिक आणीबाणी’ ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. २ मे २०२२ च्या निकालात कोणालाही सक्तीने लस देता येणार नाही, हे स्पष्ट झाले. मात्र प्रमाणशीर निर्बंध घालण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला गेला.

गोव्याचा अनुभव थोडा वेगळा. येथे १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट असल्याने पुण्याचा तो इतिहास आपला नव्हे. पण २२ मार्च २०२० ची जिल्हा पंचायत निवडणूक पुढे ढकलली गेली आणि मतदान १२ डिसेंबरला झाले, हे इथल्या मतदाराने पाहिले. मे २०२१ मध्ये चित्र उलटे दिसले. गोव्यात येणाऱ्याकडे कोविड नसल्याचे प्रमाणपत्र असावेच, असा आदेश सरकारने नव्हे, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने दिला. निर्बंध सरकार घालते आणि न्यायालय ते सैल करते, या नेहमीच्या समजुतीला तो अपवाद ठरला.

२०२० च्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांवरील हिंसेला कडक शिक्षा आली. व्याख्या, मुदत व विधिमंडळाची देखरेख यांना हात लागला नाही. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या २८६व्या अहवालात हा कायदा अपुरा ठरवून सर्वंकष दुरुस्ती किंवा नवा कायदा सुचवला आहे.