प्रयोगशाळेचा उंबरठा

परीक्षेत पहिला वर्ग मिळविणे आणि संशोधक होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुलगी बी. एस्सी. उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली म्हणजे घरी पेढे वाटले जातात आणि पुढचा विचार नोकरीचा वा लग्नाचा होतो. रोगांची कारणे, अन्नातील सत्त्वे, औषधांची क्रिया शोधून काढणारी माणसे मग तयार होतात तरी कशी? पारोळ्यासारख्या गावात हा प्रश्न विचारताना आम्हांला एका चरित्राची आठवण होते.

कमला भागवत, म्हणजेच पुढच्या कमलाबाई सोहोनी, यांचा जन्म १९११ साली झाला. लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत कमलाबाई पहिल्या आल्या. तरीही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांचा अर्ज नाकारला. कमलाबाई बंगळूरला जाऊन नेट धरून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण पहिले वर्ष उमेदवारीचे, अशा अटीवर. तेथे श्रीनिवासय्या नावाचे कडक शिस्तीचे गुरू लाभले. दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर काम करीत त्यांनी १९३६ साली एम. एस्सी. मिळविली. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. पुढे केंब्रिजला बटाट्याच्या पेशींत त्यांना 'सायटोक्रोम सी' हे श्वसनक्रियेतील द्रव्य सापडले आणि १९३९ साली, अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर, त्या पीएच. डी. झाल्या.

ही कथा केवळ जिद्दीची म्हणून सांगितली जाते. आम्हांला तिची दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. दोघेही त्याच बंगळूरच्या संस्थेत शिकलेले. संशोधन नावाचा व्यवसाय असतो, त्यासाठी अमुक ठिकाणी अर्ज करावा लागतो, नकार आला तरी तो शेवटचा शब्द नसतो, हे त्यांना घरच्या ओसरीवरच कळले होते. जिद्द कापूस पिकविणाऱ्याच्या मुलीतही असते. ही माहिती मात्र तिला कोण देणार?

ते काम शिक्षकाचे आहे, आणि कमलाबाईंनी ते केले. १९४९ पासून मुंबईच्या विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून नीरा आणि कडधान्ये यांवर संशोधन केले. कच्च्या वालात ट्रिप्सिन या पाचक रसाला अडविणारे द्रव्य असते. ते त्यांनी विद्यार्थ्यांसह वेगळे काढले. वाल नीट शिजवून खावेत, हे आपल्या गृहिणी जाणत होत्या. त्यामागचे एक कारण असे प्रयोगशाळेत हाती आले. विद्यार्थी संशोधन शिकला तो पुस्तकातून नव्हे, काम करता करता.

अमेरिकेतही हाच अनुभव आला. स्पॅनिश भाषिक आणि इतर मागे राहिलेल्या समाजांतील मुले वैद्यकीय संशोधनात फार थोडी दिसत. म्हणून १९७० नंतरच्या दशकात तेथील सरकारने पदवीच्या वर्गातच त्यांना विद्यावेतन देऊन प्रयोगशाळेत कामाला बसविण्याच्या योजना काढल्या. पदवीनंतर हात देऊन उपयोग नाही. तोवर मुलगा दुसऱ्या वाटेला लागलेला असतो, हे त्यांनी ओळखले.

खानदेशची महाविद्यालये १९९० पर्यंत पुणे विद्यापीठाखाली होती. त्या वर्षी जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाले. आज ते कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाते. पारोळ्याहून जळगाव वा धुळे गाठणे आता अवघड राहिलेले नाही. परंतु रस्त्याचे अंतर तुटले म्हणून मनातले अंतर तुटत नाही. आपल्या गावची एखादी मुलगी दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत राहिली, तिच्या खाण्याराहण्याचा भार गावाने उचलला आणि तिच्या शिक्षकाने एक ओळखपत्र लिहून दिले, तर भागवतांच्या घरात जे वारशाने मिळाले ते तिला गावाकडून मिळेल.

कमलाबाई १९९८ साली निवर्तल्या. त्यांचे तैलचित्र सभागृहात लावण्यापेक्षा एवढे केले, तर ते त्यांचे खरे स्मारक होईल, असे आम्हांला वाटते.