कांगा साखळी क्रिकेट स्पर्धा

मुंबईतील क्लबांची पावसाळी क्रिकेट स्पर्धा. १९११ मध्ये इंग्लंडचा दौरा केलेल्या भारतीय संघातील पारशी फलंदाज डॉ. होर्मसजी कांगा यांच्या स्मरणार्थ ती १९४८ मध्ये सुरू झाली. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क इ. ठिकाणी तिचे सामने होतात. संघांचे ‘ए’ ते ‘जी’ असे सात गट असून कामगिरीनुसार संघाला बढती मिळते वा खालच्या गटात जावे लागते. पावसाने सामने वाया जाणे नित्याचेच. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी थबकतो, तर कधी अकस्मात उसळतो. वाढलेल्या गवतात जमिनीलगतचे फटके अडतात. अशा परिस्थितीत फलंदाजाचे तंत्र व धीर यांची कसोटी लागते. मुंबईच्या फलंदाजीचा चिवटपणा येथेच घडला, असे मानले जाते. कचेऱ्यांतील हौशी खेळाडूंबरोबरच अनेक कसोटीपटूही या स्पर्धेत खेळले आहेत. सचिन तेंडुलकर १९८४ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, तीत प्रथम उतरला.