चांद्याचे वणवे आणि ते विझवणारे हात

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत उपवासकाळ आणि वणव्याचा काळ जवळजवळ एकाच सुमारास सुरू होतात. वनखात्याच्या दप्तरी वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून असा मांडलेला असतो. राखेचा बुधवार बहुधा याच हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. चांद्याच्या धर्मप्रांतात सिरो-मलबार विधी असल्यामुळे तेथे उपवासकाळ बुधवारऐवजी सोमवारी सुरू होतो, इतकाच काय तो फरक. या दिवसांत सागाची पाने गळून पडतात, ऐन आणि तेंदूखाली पाचोळ्याचा थर साचतो, नाले आटतात आणि दुपारचा वारा कोरडा होतो. पास्काच्या रात्री देवालयाच्या दाराशी आपण नवा अग्नी पेटवतो, तेव्हा आलापल्ली-भामरागडकडच्या डोंगरावर कोणी ना कोणी हिरवी डहाळी घेऊन दुसऱ्या एका अग्नीपुढे उभा असण्याचा संभव मोठा आहे. त्या माणसाचा इतिहास फारसा कोणी लिहिलेला नाही. तो लिहायचा, तर सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जावे लागते.

प्रथम हा वणवा कसा असतो ते सांगितले पाहिजे. चित्रपटात दिसणारी, झाडांच्या शेंड्यांवरून उड्या घेत जाणारी आग आपल्याकडे क्वचितच आढळते. चांद्याची आग जमिनीलगत चालते. गुडघाभर, कधी कमरेइतकी उंच ज्वाळा पाचोळा आणि गवत खात पुढे सरकते. मोठा साग तिला सहसा दाद देत नाही, परंतु त्याचे रोप, बांबूचा कोंब, जमिनीवर घरटे करणारा पक्षी आणि मातीच्या वरच्या थरातले सारे जीवन तिच्या तोंडी पडते. बांबूचे बेट पेटले, की पेऱ्यांतली हवा तापून बार उडाल्यासारखे आवाज होतात. ही आग आपोआप लागते असे मानण्यास फारसा आधार नाही, बहुतेक वेळा ती माणसाच्या हातून लागते. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो. तेंदूला कोवळी पालवी लवकर फुटावी, गुरांना नवे गवत मिळावे म्हणूनही आग लावली जाते. वाटसरूने टाकलेली विडी असतेच. यांतील पहिली कारणे पोटाशी जोडलेली आहेत, हे विसरून जे लोक आदिवासींना सरसकट दोष देतात, त्यांच्याशी प्रस्तुत लेखक सहमत नाही.

इंग्रजांच्या आधी या प्रदेशात आग हे शेतीचेच एक अवजार होते. माडिया लोक डोंगरउतारावरचे रान तोडून, वाळवून, जाळून त्या राखेत बी टाकीत आणि दोन-तीन वर्षांनी जागा बदलीत. त्या काळच्या जंगलात आग लागे आणि विझेही. ती विझवण्यासाठी पगारी माणूस असावा, ही कल्पनाच नव्हती. रेल्वेचे रूळ घालण्यासाठी लाकडी पाट्या हव्या झाल्या आणि सारे बदलले. मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात 1860च्या दशकात जी. एफ. पिअरसन या अधिकाऱ्याने आग पूर्णतः बंद ठेवण्याचा प्रयोग यशस्वी करून दाखवला. जंगलाभोवती रुंद पट्टे साफ करायचे, ते हंगामापूर्वीच जाळून टाकायचे आणि त्यांवर माणसे राखणीला ठेवायची, अशी ती पद्धत होती. त्या पट्ट्यांना आपले वनखाते आज जाळरेषा म्हणते. ही रीत पुढे हिंदुस्थानभर पसरली.

रीत पसरली, पण पट्टे साफ करणारे आणि राखणीला बसणारे हात कोठून आणायचे? या प्रश्नाचे उत्तर सरकारने कायद्यातच लिहून ठेवले. 1878चा वनकायदा आणि त्यावरूनच बेतलेला 1927चा कायदा, जो आजही लागू आहे, यांत एक कलम आहे. राखीव किंवा संरक्षित जंगलात ज्याला गुरे चारण्याचा, लाकूड वा अन्य वनोपज घेण्याचा हक्क अथवा परवाना आहे, त्याने वणव्याची खबर वनाधिकाऱ्यास वा पोलिसास द्यावी आणि आग विझवण्यास लागावे, असे त्याच्यावर बंधन आहे. 1927च्या कायद्यात ते 79वे कलम होय. कसूर केल्यास एक महिन्यापर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड. शिवाय 26व्या कलमान्वये, आग कोणी मुद्दाम वा घोर निष्काळजीपणाने लावली असेल, तर त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार काही काळ स्थगित करू शकते. एकाने आग लावावी आणि साऱ्या गावाची गुरे उपाशी राहावीत, असा हा न्याय. त्याच सुमारास मध्य प्रांतात वनग्रामे वसवण्यात आली. जंगलात राहायला आणि कसायला जमीन द्यायची, आणि त्या मोबदल्यात खात्याला लागेल तेव्हा मजुरी करायची, असा तेथील करार असे.

मला या इतिहासातील ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. शहरातील अग्निशमन सेवा पगारी दल म्हणून वाढली, जंगलातील अग्निशमन मात्र बंधनातून सुरू झाले. ज्याला बांधून घेतले आहे, त्याला प्रशिक्षण द्यावे, पायांत बूट द्यावेत, त्याच्या फुप्फुसांची तपासणी करावी, असे कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात आले नाही. त्या उगमाचा वारसा अजून पुरता फिटलेला नाही.

तुलनेसाठी शहराकडे पाहू. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबई बंदरात फोर्ट स्टिकीन या बोटीवर कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला असताना आग लागली. बंब येऊन पाणी मारीत असतानाच बोटीचे दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशमन दलाचे 66 जवान त्या दिवशी कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. पुढे 1956 मध्ये केंद्र सरकारने उत्तर प्रदेशातील रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय काढले आणि पुढच्याच वर्षी ते नागपुरास हलवले. देशभरातील अग्निशमन अधिकारी तेथे घडत आले आहेत. शिडी, दोर, श्वसनयंत्र, धुराने भरलेल्या खोलीत आंधळेपणाने वाट काढण्याचा सराव, हे सारे तेथे शिकवले जाते. इतके शिक्षण असूनही धोका सरत नाही. 9 मे 2015 रोजी मुंबईत काळबादेवीच्या आगीत इमारत कोसळली आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. त्यांना मानवंदना मिळाली आणि ती योग्यच होती.

त्या महाविद्यालयापासून चंद्रपूर रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर आहे. पण वणवा विझवणारा माणूस वनखात्याचा असतो, अग्निशमन सेवेचा नसतो, म्हणून हे अंतर मैलांनी मोजता येत नाही. वनरक्षक आणि वनपाल यांना त्यांच्या प्रशिक्षणात वणव्याचा विषय असतो. चंद्रपुरात वन अकादमी आहे. परंतु वनरक्षकाच्या वाट्याला येणारे क्षेत्र हजारो एकरांचे, आणि प्रत्यक्ष आगीला तोंड देणारे पुष्कळसे हात हंगामी मजुरांचे असतात. त्यांना अग्निरक्षक म्हणतात. बोलण्यात मात्र फायर वॉचर हाच शब्द रूढ आहे. गोंड, माडिया, परधान अशा समाजांतली ही तरुण मुले जाळरेषेवर फिरतात, उंचवट्यावरून धूर न्याहाळतात आणि आग दिसली की पळसाची वा ऐनाची डहाळी तोडून ती झोडपतात. अलीकडे पाठीवर अडकवून पाचोळा उडवणारी ब्लोअर यंत्रे आली आहेत. त्यांनी काम पुष्कळ सोपे केले, कारण ज्वाळेपुढचा पाचोळा दूर झाला की आगीचे खाद्य संपते. 2004 पासून देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचनाही खात्याला मिळते. सूचना मोबाइलवर येते हे खरे, पण एटापल्लीच्या डोंगरात मोबाइलला रेंज नसेल तर ती सूचना कोणाला कळणार? शिवाय 1980 नंतर या भागात माओवादी चळवळ शिरली आणि कितीएक वर्षे रात्री रानात पाऊल टाकणे हेच जिवावरचे काम होऊन बसले.

आग माणसाला कशी मारते, हे समजून घेतल्याशिवाय प्रशिक्षणाची किंमत कळणार नाही. सपाटीवर माणूस आगीच्या पुढे सहज चालू शकतो. चढावर तसे होत नाही. ज्वाळा वरच्या पाचोळ्याकडे झुकते, तो आधीच तापून वाळतो, आणि चढ दर 10 अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुपटीने वाढतो. माणसाचा वेग मात्र चढावर कमी होतो. अमेरिकेत मोंटाना राज्यातील मॅन गल्च या घळीत 5 ऑगस्ट 1949 रोजी हेच घडले. विमानातून उतरवलेले अग्निशामक चढाने पळत सुटले आणि 13 जण दगावले. त्यांचा नायक वॅग्नर डॉज याने मात्र पुढचे गवत स्वतःच पेटवले, ते जळून गेल्यावर त्या राखेत पालथा पडला आणि वाचला. जे एकदा जळाले ते पुन्हा जळत नाही! त्याच्या माणसांना ती युक्ती पूर्वी कोणी शिकवलेली नव्हती, म्हणून ते त्याच्या हाकेला थांबले नाहीत. पुढे 1991 मध्ये पॉल ग्लीसन या अनुभवी अग्निशामकाने चार गोष्टींचा नियम सांगितला: कोणीतरी टेहळणीवर असावा, एकमेकांशी बोलण्याची सोय असावी, निसटण्याची वाट आधी ठरलेली असावी आणि सुरक्षित जागा ठाऊक असावी. हा नियम शिकवायला महाविद्यालय लागत नाही. एखाद्या नाक्यावर, हंगामाच्या आरंभी, एका सकाळीही तो शिकवता येतो.

आपल्याच विदर्भात याची किंमत मोजावी लागली आहे. 8 एप्रिल 2021 रोजी गडचिरोलीच्या शेजारी, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पातील नागझिरा अभयारण्यात आटोक्यात येत असलेली आग वाऱ्याने पुन्हा भडकली आणि तीन वनमजूर तीत होरपळून मेले. इतर काही भाजले. मरण पावलेले हंगामी मजूर होते. त्याआधी फेब्रुवारी 2020 मध्ये केरळात त्रिशूर जिल्ह्यात आणि नंतर जून 2024 मध्ये उत्तराखंडात बिनसर येथे अशाच घटना घडल्या. तिन्ही ठिकाणी माणसे आपले काम करीत होती, कोणीही पळून गेलेले नव्हते. अशा मृत्यूनंतर त्यांच्या निष्ठेचे गुणगान होते. ते ऐकताना मनात येते, की निष्ठा तर त्यांच्यापाशी होतीच, उणे होते ते टेहळणीवाल्याचे आणि ठरलेल्या वाटेचे.

जे जगतात त्यांच्या शरीराचे काय? चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. त्यात आगीची धग, खांद्यावर यंत्र आणि जवळ एखादी पाण्याची बाटली. उष्माघात येथे धुराइतकाच मोठा वैरी आहे. तोंडाला ओला रुमाल बांधण्याची रीत सर्वत्र आहे. रुमालाने ठिणगी आणि राख अडते, परंतु कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन वायू अडत नाही आणि धुराचे अतिसूक्ष्म कणही बरेचसे आत जातात. डोके दुखू लागले, मळमळले, तर थकवा म्हणून हसण्यावारी न नेता त्या माणसाला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे लागते. स्वस्त नायलॉनची पँट वा सदरा ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो, साधा जाड सुती कपडा त्याहून कितीतरी बरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशामकाचा व्यवसाय हाच माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातला. हा निष्कर्ष पगारी दलांच्या अभ्यासांवर मुख्यतः उभा आहे, कारण त्यांच्या नोंदी असतात. चार महिने काम करून घरी जाणाऱ्याची नोंद कोण ठेवतो?

तरीही याच जिल्ह्यात एक वेगळी वाटही दिसते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2006च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातील अशा पहिल्या गावांपैकी ते एक. देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी त्याआधी कितीतरी वर्षे ग्रामसभेत सर्वसंमतीने निर्णय घेण्याची शिस्त बाणवीत आले होते. जंगल आपले झाले की आग विझवणे ही वेठ राहत नाही, ते घरचे काम होते. बांबू आणि तेंदूचे उत्पन्न ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा ते जळू न देण्यात गावाचा रोख फायदा दिसू लागला. 1878 मध्ये कायद्याने जे धाकाने मागितले होते, ते हक्क परत दिल्यावर आपण होऊन होऊ लागते, हा अनुभव इतिहासाच्या अभ्यासकाने नीट टिपून ठेवण्याजोगा आहे.

अग्निशामकांचे आश्रयदाते संत फ्लोरियन हे रोमन सैन्यातले अधिकारी. ख्रिस्ती श्रद्धा सोडीनात म्हणून इ.स. 304 च्या सुमारास आजच्या ऑस्ट्रियातील एन्स नदीत त्यांना गळ्यात दगड बांधून बुडवण्यात आले. आग विझवण्यासाठी त्यांनी सैनिकांचे पथक शिकवून तयार केले होते, अशी परंपरा सांगते. त्यांचा सण 4 मे रोजी असतो. 2 डिसेंबर 1998 रोजी ऑस्ट्रेलियातील लिंटन येथे वारा अकस्मात फिरल्याने पाच स्वयंसेवक वणव्यात सापडून मरण पावले. त्यानंतर 1999 पासून हाच दिवस जगभर अग्निशामक दिन म्हणून पाळला जाऊ लागला. तो दिवस वणव्याने दिला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. युरोपात त्या दिवशी धर्मगुरू बंबांना आशीर्वाद देतात. आपल्याकडे 4 मे हा तेंदूच्या तोडणीचा ऐन हंगाम. चांद्याचा धर्मप्रांत 1962 मध्ये स्थापन झाला तो याच रानाच्या कुशीत. तेथील एखाद्या धर्मग्रामात त्या दिवशीच्या मिस्साबलीत या मजुरांची नावे घेऊन प्रार्थना झाली आणि मिस्सानंतर सुती कपडे, बूट आणि पाण्याच्या डब्यांसाठी वर्गणी जमली, तर संत फ्लोरियन ती आपलीच मानतील.

15 जूनला हंगाम संपतो. तोवर बहुधा पहिला पाऊस झालेला असतो, जाळरेषांवर गवत उगवू लागते, आणि अग्निरक्षकाचे नाव हजेरीपटावरून निघते. धानाची पेरणी तोंडावर असते. जाळलेल्या बुंध्यांना त्याच आठवड्यात कोंब फुटतात. पुढच्या फेब्रुवारीत नवा हजेरीपट उघडतो आणि पहिल्या पानावर पुष्कळदा गेल्या वर्षीचीच नावे असतात.