कर्मचारी संवाद सॉफ्टवेअर

मोठ्या कंपनीतील सूचना, चर्चा आणि कामगारांचा प्रतिसाद एकाच ठिकाणी आणणारी संगणकप्रणाली. आकारणी बहुधा दरडोई, मासिक किंवा वार्षिक. अमेरिकेतील यॅमर (2008) आणि स्लॅक (2013) यांनी या व्यवसायाला आकार दिला. यॅमर 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टने, तर स्लॅक 2021 मध्ये सेल्सफोर्सने विकत घेतली. मुंबईत डायरेक्टी कंपनी उभारणाऱ्या भाविन तुरखिया यांनी ‘फ्लॉक’ 2014 मध्ये आणले. फेसबुकने 2016 मध्ये आणलेले ‘वर्कप्लेस’ बंद करण्याचे मात्र 2024 मध्ये जाहीर झाले. नुसते मोठे नाव इथे पुरत नाही.

खरी कसोटी कार्यालयाबाहेर लागते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील तुर्भे एमआयडीसीसारख्या वसाहतीत पाळीत काम करणाऱ्या, विशेषतः कंत्राटी कामगारांकडे बहुधा कंपनीचा ईमेल नसतो. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 108 ने सूचना इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळ लावणे बंधनकारक केले होते. फलकाची ही सोय मोबाइलवर आणायची, तर मराठी-हिंदी मजकूर, पाळीनुसार सूचना आणि वाचल्याची नोंद हवी. विक्रीही सोपी नाही: मनुष्यबळ विभागाला पटले तरी माहिती-तंत्रज्ञान, विधी आणि खरेदी विभागांची संमती लागते. व्हॉट्सअॅप फुकट असताना पैसे का मोजायचे, या प्रश्नाचे सर्वांत सबळ उत्तर म्हणजे नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश तत्काळ बंद करता येणे.