पांढरीचा कर : साष्टींतील चारकोप गांवाच्या घरपट्टीचा पूर्वेतिहास

साष्टीच्या पश्चिम अंगास, मनोरी-गोराईच्या खाडीच्या अलीकडे, चारकोप नांवाचें एक जुनें गांव आहे. आज तें मुंबई उपनगर जिल्ह्यांत मोडतें, आणि कांदिवली स्थानकावर उतरणारा प्रवासी त्यास मुंबईचाच एक भाग समजतो. कांहीं काळापूर्वीं ह्या गांवाच्या जुन्या वस्तींत जाण्याचा योग आला असतां तेथील एक वृद्ध गृहस्थ आम्हांस म्हणाले, "गुरुजी, म्युनिसिपालिटी येण्याआधीं आमच्या गांवाला करच नव्हता." हें वाक्य आम्हीं साष्टींतील इतर गांवठाणांतही ऐकलें आहे. तें कितपत खरें आहे, आणि खरें असल्यास त्याचा परिणाम काय झाला, हें तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

तपासास आरंभ त्याच घरीं झाला. त्या गृहस्थांनीं आपली पत्र्याची पेटी आम्हांपुढें उघडली. तींत त्यांच्या आजोबांच्या नांवच्या, भाताच्या खाचरावरील धाऱ्याच्या पावत्या होत्या. म्हणजे करच नव्हता असें म्हणणाऱ्याच्या पेटींतच कराचा पुरावा निघाला! परंतु त्याच पेटींत राहत्या घराविषयींचा सर्वांत जुना कागद शोधूं लागलों तेव्हां महानगरपालिकेच्या बिलापलीकडे कांहीं सांपडेना. शेताचा कागद आजोबांच्या काळचा, आणि घराचा कागद नातवाच्या काळचा. घर मात्र आजोबांच्याही आधींचें. हा भेद आकस्मिक नाहीं. त्याचें मूळ आपल्या महसूलपद्धतींत फार खोल गेलेलें आहे.

साष्टी हें नांव 'षट्षष्टि' म्हणजे सहासष्ट गांवें ह्या शब्दापासून आलें, असें सामान्यतः मानितात. शिलाहारांच्या लेखांत षट्षष्टि-विषयाचा उल्लेख आहे. देशाचें नांवच जेथें गांवांच्या संख्येवरून पडलें, तेथें राजास गांव हा मोजण्याचा व वसुलाचा घटक वाटत होता हें उघड आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत धान्यरूप उत्पन्नाचे प्रकार सांगतांना 'षड्भाग' व 'पिण्डकर' हीं दोन नांवें दिलीं आहेत. षड्भाग म्हणजे पिकाचा सहावा हिस्सा. आणि पिण्डकर म्हणजे सबंध गांवावर एकगठ्ठा ठरविलेला कर, असा अर्थ टीकाकार करितात. उत्तर कोंकणच्या जुन्या जमाबंदींत 'ढेप' हा शब्द आढळतो. जमीन दोरीनें न मोजतां अमुक तुकड्यास अमुक धान्य असा ढोबळ आकार ठरविणें, तें ढेप. पिण्ड आणि ढेप ह्यांचा अर्थ एकच. एवढ्यावरून एक पद्धत दुसरीपासून निघाली असें सिद्ध होत नाहीं. परंतु दोहोंमागील दृष्टि एक आहे एवढें निश्चित. राजाची नजर पिकावर आहे, झोंपडीवर नाहीं.

इ. स. १५३४ मध्यें गुजराथच्या सुलतानाकडून वसई प्रांत पोर्तुगीजांकडे गेला आणि त्याबरोबर साष्टीही गेली. त्यांनीं गांवें आपल्या सरदारांस व धर्मसंस्थांस लावून दिलीं, आणि त्यांजकडून 'फोर' नांवाचा ठराविक सारा घेण्याची वहिवाट पाडली. मुंबईंतील 'फोरास' जमिनींचें नांव ह्या शब्दाचेंच रूप होय. इ. स. १५५४ च्या सुमारास सिमांव बोतेल्यू ह्या अधिकाऱ्यानें पोर्तुगीज मुलुखाच्या उत्पन्नाची जी नोंदवही तयार केली, तींतही प्रश्न आहे तो कोणत्या गांवचें उत्पन्न किती व तें कोणाकडे, हा. कोणत्या कुळाचें घर कोठें, हा प्रश्न त्या वहीस पडण्याचें कारणच नव्हतें.

इ. स. १७३७ त मराठ्यांनीं ठाणें घेतलें व १७३९ त चिमाजी अप्पांनीं वसई सर केली. मराठी कारभाराची भाषा आपल्या विषयास फार उपयोगी आहे. कारण तींत गांवाचे दोन भाग स्पष्ट केलेले आहेत. एक 'काळी', म्हणजे पिकाची जमीन. दुसरी 'पांढरी', म्हणजे वस्तीची जमीन. सारा काळीवर बसतो. पांढरींत राहणारा शेतकरी काळींतून आपलें देणें देतो, म्हणून त्याच्या छपरावर पुन्हा सारा नको, असा ह्यांतील न्याय आहे. दुकानदार, कोष्टी, तेली अशा बिगर-शेती धंदेवाल्यांपासून 'मोहतर्फा' घेत. तो नांवानें कधीं घरावर दिसला तरी वस्तुतः धंद्यावर होता. 'घरपट्टी' हा शब्दही जुन्या कागदांत येतो; परंतु कुणब्याच्या घरावरील कायमचा वार्षिक कर असा त्याचा आजचा अर्थ तेथें लावणें योग्य होणार नाहीं.

इ. स. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें घेतलें आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांजकडे कायम झाली. पुढें त्यांनीं साष्टींतील कित्येक गांवें मोठ्या पट्टेदारांस लावून दिलीं. पवई १८२९ त फ्रामजी कावसजींस मिळालें तें ह्याच धोरणानें. अशा इस्टेटींच्या सारामाफ्या काढून टाकण्यास १९५१ चा स्वतंत्र कायदा करावा लागला. इकडे १८४४ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील मोहतर्फा व तत्सम धंदेपट्ट्या रद्द झाल्या, आणि पांढरीवरील उरलासुरला भारही गेला. १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत सुरू झालेली पैमाष एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ठाणें जिल्ह्यांत पुरी झाली. शेताशेतास नंबर पडला, क्षेत्र लिहिलें गेलें, धारा लिहिला गेला, खातेदाराचें नांव लिहिलें गेलें. गांवठाण मात्र नकाशावर एका रेषेच्या आंत कोरेंच राहिलें. १८७९ च्या जमीन महसूल कायद्यानें गांवठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास दिला, व तेथील पूर्वापार माफी चालू ठेविली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेंही हीच परंपरा पुढें नेली.

आतां वृद्ध गृहस्थांच्या वाक्याचा निकाल देतां येईल. नगरसंस्था नव्हती म्हणून गांवास कर नव्हता, हें खरें नव्हे. खाचरावर धारा होता. १८७८ च्या आबकारी कायद्यानंतर ताडी काढावयाच्या झाडावर कर होता. मिठावर कर होता. घरावर मात्र सरकारी सारा नव्हता, एवढा अंश खरा. आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूनें सांगितली पाहिजे. गांवानें दिलेला पैसा ठाण्याच्या खजिन्यांत जाई आणि त्यांतील गांवांत परत फारच थोडा येई. १८६९ च्या कायद्यानें साऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंड बसला. त्यांतून रस्ते व शाळा व्हाव्यात असा हेतु होता. म्हणजे गांवांतील शाळेचा खर्चही काळीनेंच दिला, पांढरीनें नव्हे! पुढें १८८९ चा गांवसफाईचा कायदा आला, आणि १९२० व १९३३ च्या ग्रामपंचायत कायद्यांनीं पंचायतींस घरांवर पट्टी बसविण्याचा मार्ग खुला केला. घर हें कराचा विषय झालें तें येथून. आणि तें झालें तें दिवा, विहीर व गटार ह्यांच्या निमित्तानें. जमिनीचा सारा हा राजाचा हिस्सा; घरपट्टी ही शेजाऱ्यांची वर्गणी. दोहोंस आपण 'कर' म्हणतों, परंतु दोहोंची जात भिन्न आहे.

आमच्या मतें ह्या सर्व इतिहासाचें सार एका वाक्यांत सांगतां येतें : जेथें सरकारनें कर घेतला नाहीं, तेथें त्यानें कागदही ठेविला नाहीं. पैमाष झाली ती न्यायासाठीं नव्हे, वसुलीसाठीं. सात-बाराचा उतारा, ज्यास आज शेतकरी आपला प्राण समजतो, तो मूळचा वसुलीच्या वहीचें पान आहे. पांढरीस वसूल नव्हता, म्हणून पांढरीस पान नाहीं. करमाफी ही पूर्वजांस मिळालेली सवलत होती खरी. पण तिची किंमत नातवंडांस पुराव्याच्या रूपानें द्यावी लागत आहे.

ही किंमत केव्हां कळूं लागली? १९५० मध्यें मुंबई महानगरपालिकेची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आली, आणि १९५७ मध्यें ती दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. चारकोप त्या हद्दींत आलें, व त्याच्या घरांस १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा लागू झाला. त्याच्या कलम १५४ प्रमाणें घर वर्षास किती भाड्यानें जाण्याजोगें आहे हें ठरवून, दुरुस्तीपोटीं शेंकडा दहा वजा करून, उरलेल्या 'करयोग्य मूल्यावर' कर बसे. ज्या गांवांत घर भाड्यानें देण्याची फारशी रीत नव्हती, तेथें हें कल्पित भाडें लोकांस विचित्र वाटलें असल्यास नवल नाहीं. पुढें १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळें, १ सप्टेंबर १९४० च्या पायावरील प्रमाणभाडें हीच करयोग्य मूल्याचीही मर्यादा ठरली. त्यामुळें जुन्या चाळीचा कर गोठला आणि नव्या इमारतीचा वाढत राहिला. हा विषमपणा काढण्यासाठीं २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आली. तींतही, रिकाम्या भूखंडावर पुढें किती बांधकाम होऊं शकेल हें धरून मूल्य वाढविणारे नियम उच्च न्यायालयानें २०१९ त रद्द केले, व सर्वोच्च न्यायालयानें २०२२ त तो निर्णय कायम केला. न उगवलेल्या पिकाचा षड्भाग घेऊं नये, हा जुनाच न्याय नव्या भाषेंत सांगितला गेला.

ह्याच चारकोपांत एक दुसरेंही उदाहरण आहे. जागतिक बँकेच्या साहाय्यानें १९८५ पासून मुंबईंत जो नगरविकासाचा प्रकल्प झाला, त्यांत येथें म्हाडानें लहान भूखंड आंखून, रस्ते, पाणी व मलनिःसारण पुरवून, लोकांस स्वतः घर बांधण्यास दिले. त्या वसाहतींतील रहिवाशाजवळ वाटपपत्र आहे, संस्थेचा भाडेपट्टा आहे, भागपत्र आहे. तिच्या शेजारींच असलेलें गांवठाण कित्येक पिढ्यांनीं जुनें. पण त्यांतील घरमालकाजवळ पुष्कळदां नगरभूमापनानंतरची मिळकतपत्रिका, आणि घरपट्टीच्या पावत्या, एवढेंच साहित्य असतें. मिळकतपत्रिकेंत आजोबांचें नांव चुकलें वा राहिलें असेल, तर एकट्या पावत्याच उरतात. कालचा पाहुणा कागदानें श्रीमंत, आणि मूळचा घरधनी कागदानें दरिद्री, असा हा देखावा आहे.

येथें कायदेपंडित एक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. कराची पावती म्हणजे मालकी हक्काचा दस्तऐवज नव्हे. महसुली नोंद ही वसुलीपुरती असते, असें न्यायालयांनीं वारंवार सांगितलें आहे. हें आम्हांस मान्य आहे. परंतु अमुक सालीं अमुक घरांत अमुक मनुष्य राहत होता, आणि त्याच्याच नांवावर कर आकारला जात होता, हें सांगणारा समकालीन साक्षीदार म्हणून तिचें मोल कमी होत नाहीं. ज्याजवळ दुसरा साक्षीदार नाहीं त्याच्या दृष्टीनें तर तें फारच आहे. ह्या उणिवेची जाणीव सरकारासही झाली आहे. पुणें जिल्ह्यांतील पुरंदर तालुक्यांतील सोनोरी येथें ड्रोनच्या साहाय्यानें गांवठाणमोजणीचा प्रयोग झाला, व २०२० त 'स्वामित्व' योजनेनें अशा मोजणीस आरंभ झाला. पण ती योजना ग्रामीण वस्तीसाठीं आहे. शहरानें गिळलेलें चारकोपसारखें गांवठाण तींत बसत नाहीं.

शेवटीं एक योगायोग नमूद करावयास हवा. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईंतील पांचशें चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांस मालमत्ताकर माफ झाला. गांवठाणांतील कित्येक लहान घरें ह्या मर्यादेंत येतात. म्हणजे पांढरी पुन्हा एकदां करमुक्त झाली. ह्या सवलतीनें गरिबाचा भार हलका होतो, म्हणून तिचें स्वागतच आहे. मात्र पूर्वींच्या माफीनें जो धडा दिला तो विसरूं नये : कर माफ झाला तरी नोंद माफ होतां कामा नये. ज्याच्याकडून पैसा घ्यावयाचा नाहीं त्याचेंही नांव वहींत बिनचूक राहिलें पाहिजे.

आणि चारकोप, गोराई, मनोरी, एकसर येथील रहिवाशांस आमची एक विनंती आहे. घराची साफसफाई करितांना जुन्या पत्र्याच्या पेट्यांतील धाऱ्याच्या व घरपट्टीच्या पावत्या रद्दींत देऊं नयेत. सालवार लावून, प्रत काढून, त्या जपून ठेवाव्यात. राजांच्या सनदा जपणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. कोळ्या-कुणब्यांच्या घरांची सनद मात्र त्या चिटोऱ्यांतच आहे. त्या वृद्ध गृहस्थांनीं आमच्यादेखत आपल्या पावत्या पुन्हा दोऱ्यानें बांधल्या व पेटी बंद केली. त्यांचें वाक्य अर्धेंच खरें निघालें. पण त्यांची पेटी पुरी खरी होती.