मोडेम आणि लिनक्स : प्रस्तावना

खारघर स्टेशनासमोर, सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ७ मध्ये सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेचे केंद्र आहे. पूर्वीची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर-संशोधन संस्था आता त्यातच सामावली आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई यांच्यात युनिक्स यंत्रांवरून, टेलिफोनच्या तारेतून, ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. संगणकाचे संकेत टेलिफोनच्या तारेतून नेणारा मोडेम म्हणजे त्या काळी टेबलावरची पेटी. सिरियल पोर्टला जोडली की युनिक्सला वेगळा ड्रायव्हर लागत नसे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वांना खुले केले. पुढे वाशी-नेरुळच्या घरांतही एमटीएनएलच्या लाइनवर पीसी आले, तेव्हा मोडेम कार्ड होऊन कॅबिनेटच्या आत गेला होता. मासिकासोबतच्या सीडीवरून लिनक्स बसवणारे अनेकजण अडले ते इथेच.

आयएसए कार्डांचे कोडे सोपे होते. कार्डावर बहुधा खरी यूएआरटी, म्हणजे सिरियल पोर्ट सांभाळणारी, चिप असे. जंपरने ते कॉम-३ वर, म्हणजे ३ई८ या पत्त्यावर ठेवले, तरी कॉम-१ आणि कॉम-३ यांचा इंटरप्ट मुळात एकच, ४ क्रमांकाचा. त्यामुळे दोन्हींत टक्कर होई; तो बदलून ‘सेटसिरियल’ने लिनक्सला कळवला की काम होई. पीसीआयवरच्या स्वस्त ‘विनमोडेम’ची गोष्ट वेगळी. त्यांतली संकेतप्रक्रिया, आणि बऱ्याचदा नियंत्रकही, काढून ते काम विंडोजमधल्या ड्रायव्हरवर सोपवलेले असे. म्हणून ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा कार्डाचे नाव बिनचूक दाखवी, पण मिनीकॉम या टर्मिनल प्रोग्राममधून मोडेमला ‘एटी’ ही आज्ञा पाठवली तर ‘ओके’ येत नसे. ल्युसेंट किंवा स्मार्टलिंकच्या चिपसाठी ड्रायव्हर मिळत, पण त्यांचा गाभा बंदिस्त; कर्नल बदलला की मॉड्यूल पुन्हा बांधावे लागे.

कार्ड दिसणे आणि कार्डाने उत्तर देणे यांतले हे अंतर मला या विषयाचे मर्म वाटते. बस, पत्ता, इंटरप्ट, ड्रायव्हर, मग लाइन : दोष नेमका कोणत्या थरावर आहे हे शोधताना ऑपरेटिंग सिस्टिम आतून जितकी समजते, तितकी व्याख्या पाठ करून समजत नाही. वायफाय कार्डांच्या बंद फर्मवेअरमुळे हाच प्रश्न आजही उभा राहतो, त्यामुळे हा अभ्यास जुना झालेला नाही.

नव्या वाचकाने बिचकू नये. जुने कार्ड हाताशी नसले तरी क्यूईएमयूच्या आभासी यंत्रात १६५५० जातीचा सिरियल पोर्ट मिळतो. पत्ता आणि इंटरप्ट यांचे प्रयोग त्यावर आजच करून पाहता येतील.